गाळलेल्या ओळी

अवरेकाळू आले. बेंगळुरूत हे कुणी सांगावं लागत नाही, नाकाला आधी कळतं. काल संध्याकाळी भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर वळले आणि तो तेलकट, हिरवट, थोडासा उग्र वास आला. फुटपाथवर पोत्यांवर शेंगांचे ढीग, ढिगांभोवती वाकलेली माणसं, आणि जो तो मूठभर शेंगा उचलून नाकाशी नेतोय. या वासाला इथे सोगडु म्हणतात. सोगडु नसेल तर शेंग कितीही टपोरी असो, इथला माणूस तिच्याकडे ढुंकून बघत नाही. माझाही हात सवयीने ढिगात गेला. विकणारी बाई 'तगोळ्ळी अक्का' म्हणत पिशवी उघडून उभी राहिली, घ्या म्हणाली. मी शेंगा परत ढिगावर टाकल्या आणि चालू लागले. ती मागून काहीतरी पुटपुटली, आणि तिचं बरोबरच होतं. हाताळायचं आणि घ्यायचं नाही ही काही चांगली रीत नव्हे. घरी येऊन साबणाने हात धुतले, तरी जेवताना बोटांना वास होताच.

हा अवरे आपल्या पावट्याचाच भाऊबंद. पण पावटा आपल्याकडे एक भाजी म्हणून येतो आणि जातो, इथे त्याचा सण होतो. डिसेंबर लागला की उपम्यात अवरे, भाकरीत अवरे, आमटीत अवरे. मी नागपूरची. आमची थंडी तुरीच्या हिरव्या सोल्यांची, कढईत परतलेल्या सोल्यांच्या झणझणीत भाजीची. नोकरीसाठी इथे आले तेव्हा कोरमंगलाच्या पीजीत राहत होते, एका खोलीत तिघी, आणि जेवणात रोज तेच पिवळं पाणी, ज्याला तिथला स्वयंपाकी कधी सांबार म्हणायचा, कधी डाळ. अशात पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या सुमीअक्का म्हणाल्या, रविवारी घरी ये, अवरे सोलायला हात हवेत. परक्या शहरात कुणी जेवायला बोलावलं तर माणूस पाहुणा होतो, कामाला बोलावलं तर घरचा होतो. मी त्या एका वाक्यावर विकली गेले.

सुमीअक्का आमच्या टीमच्या लीड. त्यांचं घराणं मराठी, पण महाराष्ट्र त्यांनी पाहिला तो लग्नाकार्यापुरता. कितीतरी पिढ्यांपूर्वी कुणी पूर्वज फौजेबरोबर इकडे आला आणि राहिला. घरी मराठी बोलत, पण अशी की पहिल्यांदा ऐकताना मला हसू आवरायचं नाही. स्वल्प थांब म्हणजे जरा थांब, सरी सरी म्हणजे बरं बरं, आणि 'ना' च्या जागी अल्ला, चटणी मस्त झालीय अल्ला. चिकपेटच्या मागच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर, वर गच्ची. गच्चीवर वर्तमानपत्रं अंथरून त्या, त्यांच्या दोन मुली आणि मी शेंगा सोलायचो. मग ते दाणे पाण्यात भिजत घालायचे आणि फुगले की एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल हातात राहते, आतली फिकट हिरवी डाळ टुपकन भांड्यात पडते. अळी लागलेला दाणा बाजूला. बोटं काळपट व्हायची, नखं दुखायची. खाली रस्त्यावर हमालांचा आरडाओरडा, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या. त्या गच्चीवर मला पहिल्यांदा वाटलं की या शहरात आपलं कुणीतरी आहे. हे लिहिताना आज राग येतो, पण तेव्हा तसं वाटलं होतं हे खरं.

ऑफिसातलं काम सांगायला सोपं होतं, करायला कंटाळवाणं. अनेक लॅबचे रक्ततपासणीचे वगैरे रिपोर्ट रुग्णांच्या फोनवर पोचवणारी एक यंत्रणा होती. ती नीट चालते आहे ना, यावर आमची नजर. अशी यंत्रणा दिवसभर स्वतःशी बडबडत असते. जे जे घडेल त्याची एक ओळ छापते. आधी वेळ, मग मशीनचं नाव, मग मामला किती गंभीर ते, मग काय झालं ते. रकाने अगदी नीट पाडलेले, पण ओळी इतक्या वेगाने वर सरकतात की डोळ्यांना नुसती थरथर दिसते. तिथे ग्रेप लागतं. काळ्या खिडकीत टाईप करायची ही एक चिमुकली आज्ञा. तिला एक शब्द द्यायचा, तो शब्द असलेल्या ओळी तेवढ्या ती दाखवते. तिच्यापुढे वजा व्ही लावलं की उलटं, त्या शब्दाच्या ओळी गाळून बाकीच्या दाखवते. कॉलेजात हे मी पुस्तकातून शिकले होते. कुठे काय गाळायचं आणि कुठे काय ठेवायचं, हे अक्कांनी शिकवलं. शिकवायच्या छान, हे मला नाकारता येत नाही.

ग्रेपची एक खोड मला पहिल्यापासून खटकायची. काही सापडलं नाही तर ते सापडलं नाही असंही म्हणत नाही. गप्प बसतं. पुढच्या ओळीवर कर्सर लुकलुकत राहतो आणि तुम्ही वाट बघता की अजून शोधतंय की काय. मी अक्कांना म्हटलं, निदान नाही तरी म्हणावं ना माणसाने. त्या हसल्या आणि म्हणाल्या की शहाणं आहे ते, नाही म्हणायला तोंड कशाला उघडायचं. माणसं घेतानाही त्यांची हीच रीत होती. मुलाखती झाल्या की एक फॉर्म भरायचा असे आणि त्याच्या तळाशी अभिप्रायाची चौकट असे. एकदा एका उमेदवाराबद्दल मी तिथे चांगलंच तिखट लिहायला घेतलं, तर अक्कांनी माझा हात धरला.

"वाईट लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "लिहिलेलं राहतं. रिकामं सोड. वाचणारा समजतो."

आणि खरंच समजायचे. ज्यांची चौकट रिकामी गेली त्यांच्यातलं कुणी आमच्याकडे कधी रुजू झालेलं मी पाहिलं नाही. आजही या शहरात, निदान मी पाहिलेल्या ऑफिसांत, रिकाम्या चौकटीचा अर्थ तोच घेतात. तेव्हा मला तो अक्कांचा चांगुलपणा वाटला होता. कुणाचं वाईट लिहायचं नाही, केवढं मोठं मन.

टीममध्ये आमची एक सामाईक गाळणी होती. गाळायच्या शब्दांची एक फाईल, जी सगळ्यांच्या ग्रेपला जोडलेली. कुणाला एखादी ओळ सारखी दिसून त्रास देऊ लागली की तो त्यातला एखादा शब्द गाळणीत टाकायचा. मग ती ओळ कुणालाच दिसायची नाही. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यालाही हीच गाळणी. शब्द टाकायला कुणाची परवानगी लागत नसे, काढायला मात्र अक्कांची लागे. कारण एक शब्द काढला की तो सगळा कलकलाट सगळ्यांच्या पडद्यावर परत यायचा आणि लोक करवादायचे. थोडक्यात, डोळे मिटायला मुभा आणि उघडायला अर्ज. त्या वेळी यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. पडदा स्वच्छ दिसायचा, सगळे खूश असायचे.

त्या हिवाळ्यात परदेशातून क्लायंटची माणसं येणार होती. ऑफिसात धावपळ, झाडांच्या कुंड्या पुसून चकचकीत केलेल्या, स्वच्छतागृहात नवे टॉवेल. आणि नेमकी भिंतीवरच्या पडद्यावर दर मिनिटाला एक पिवळी ओळ उगवायची. दोन यंत्रणा एकमेकींशी बोलण्याआधी आपापलं ओळखपत्र दाखवतात, त्याला सर्टिफिकेट म्हणतात, आणि त्याला मुदत असते. ती मुदत संपत आली आहे, एवढंच ती ओळ सांगायची. गयावया करत सांगायची म्हटलं तरी चालेल. मुदत वाढवायला क्लायंटची सही लागे. ती मागणं अक्कांचं काम होतं आणि त्यांना उशीर झाला होता. हे क्लायंटला कळू नये अशी त्यांची इच्छा होती.

कॉफीच्या मशीनपाशी त्यांनी मला गाठलं. पडद्यावरची ती पिवळी कटकट गाळून टाक, पाहुणे येऊन जाऊ देत, मग मी सही मागते, असं म्हणाल्या. मी म्हटलं, निदान पूर्ण वाक्य गाळू, नुसता शब्द नको. त्या म्हणाल्या, नुसतं सर्टिफिकेट टाक, होऊन जाईल.  मी त्यांना म्हटलं की हे चॅटवर लिहून टाका, म्हणजे मला बरं पडेल.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरच्या माणसाकडे लिहून मागतेस?"

मी ओशाळले. खरंच ओशाळले, आणि जागेवर जाऊन तो शब्द गाळणीत टाकला. त्या ऑफिसात इंग्रजीत जे चालायचं ते सगळं नोंदलं जायचं. मेल, चॅट, मीटिंगची टिपणं. हिंदीतलं थोडंफार. आमचं मराठी मात्र कॉफीच्या वाफेबरोबर उडून जायचं. आम्ही दोघी त्या भाषेत काय काय बोललो असू, कामाचं आणि बिनकामाचं, त्यातलं एक अक्षर कुठे शोधून सापडणार नाही. तेव्हा मला ते आमचं खासगी सुख वाटायचं.

पाहुणे आले, पडदा बघून माना डोलावल्या, गेले. मी विचारलं, तो शब्द काढू का आता. सरी, करू, म्हणाल्या. पुढच्या रविवारी गच्चीवर अवरे सोलताना पुन्हा विचारलं. हात दाण्यांत बुडालेले, समोर त्यांची धाकटी गाणं गुणगुणत होती. त्या मान वर न करता म्हणाल्या, सण होऊ दे गं, स्वल्प थांब. मी थांबले. घरच्या माणसाच्या पाठीमागे किती लागायचं, यालाही माप असतं.

आणि संक्रांतीच्या दिवशी मुदत संपली. इथे संक्रांतीला तीळ, गूळ, खोबऱ्याचे तुकडे आणि दाणे एकत्र करून वाटतात, ऊस देतात, आणि म्हणतात तेच, हे खा आणि चांगलं बोला. ऑफिसात मोजकीच माणसं होती, टेबलावर ती तीळगुळाची ताटली. भिंतीवरचा पडदा शांत. मुदत संपत आल्याच्या ओळीत जो शब्द होता, तोच मुदत संपल्याच्या ओळीतही होता. यंत्रणा सकाळपासून आकांत करत होती आणि गाळणी तो इमानेइतबारे गाळत होती. रिपोर्ट जात नाहीयेत हे आम्हाला कळलं ते एका इस्पितळातून फोन आला तेव्हा. तोपर्यंत लॅबच्या खिडक्यांसमोर माणसं ताटकळली होती, एका पेशंटचं ऑपरेशन रिपोर्टअभावी पुढे ढकललं होतं. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. अजूनही कधीतरी तो माझ्या मनात येतो, उपाशीपोटी झोपवून ठेवलेला.

मग चौकशी. काचेची खोली, एक मोठे साहेब, एचआरच्या बाई, अक्का आणि मी. साहेबांनी गाळणीत कुणी कधी काय बदल केला त्याचा इतिहास पडद्यावर आणला. तारीख, नाव, शब्द, नीट रकान्यांत. तो लांबलचक होता, सगळ्यांचीच नावं होती त्यात. अक्कांचं तर पानोपानी. साहेबांना घाई होती. त्यांनी त्याच्यापुढे ग्रेप लावलं आणि माझं नाव टाईप केलं.

पडद्यावर फक्त मी उरले. ओळीखाली ओळ, सगळ्या माझ्या. शेवटची, सर्टिफिकेट. त्यातली एकही ओळ खोटी नव्हती, हेच मला आजवर कुणाला नीट समजावता आलेलं नाही. माझ्यावर कुणी खोटा कागद रचला असता तर मी भांडले असते. इथे नुसतं बाकीचं सगळं पुसलं होतं, आणि जे उरलं ते अक्षरशः खरं होतं. मी म्हटलं, शोधातलं माझं नाव काढून पूर्ण यादी बघा. साहेब म्हणाले, वेळ कमी आहे. मी म्हटलं, मला तोंडी सांगण्यात आलं होतं. त्यांनी चॅटमध्ये शोधलं, माझ्यासमोर शोधलं. काही आलं नाही. मग अक्कांकडे वळून इंग्रजीत विचारलं, तुम्ही असं काही सांगितलं होतं का.

अक्का पडद्याकडे बघत होत्या. असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही, त्या इंग्रजीत म्हणाल्या. आवाज अगदी स्वच्छ. वर पुस्ती जोडली की मुलगी कष्टाळू आहे, वय लहान आहे, शिकेल. एचआरच्या बाईंनी हे टिपून घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते गोष्टीत ऐकलं होतं. संन्याशाला फाशी देताना चोर त्याच्या चांगल्या वागणुकीचा दाखलाही देतो, हे गोष्टीत नव्हतं.

बाहेर जिन्यापाशी मी त्यांना थांबवलं. रडत नव्हते. रडू नंतर आलं, कोरमंगलाच्या सिग्नलला, रिक्षात, आणि रिक्षावाला बिचारा आरशात बघून विचारत राहिला, येनायतम्मा, काय झालं म्हणून.

"अक्का, तुम्ही सांगितलं होतं," मी म्हटलं.

"हो की," त्या मराठीत म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणते? पण मला दोन मुली आहेत गं. तुझा एकटा जीव, तुला कुठेही मिळेल."

ते 'हो की' मी विसरू शकत नाही. नकार दिला असता तर निदान शत्रू म्हणून त्यांना मनातून काढून टाकलं असतं. त्यांनी मला खरं सांगितलं, प्रेमाने सांगितलं, आपल्या भाषेत सांगितलं, जिथे ते कुणाच्या कामाला येणार नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून गप्प बसायची आमच्या घरची शिकवण. मी राजीनामा लिहून दिला. तो मात्र कंपनीने लिहूनच मागितला.

त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत. नागपूरला आईला सांगितलं, प्रोजेक्ट संपला. मुलाखतींत एकच प्रश्न, आधीची नोकरी का सोडली, आणि माझं उत्तर दर वेळी थोडं वेगळं. पीजीतल्या मैत्रिणी सकाळी आवरून निघून गेल्या की खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहायचा. इथल्या शिवाजीनगरला उतरून मी नुसतीच बाजारातून फिरत बसायची, कारण खोलीत बसवत नव्हतं. अक्कांनी एकदा डबा पाठवला. अवरेचं सारू, म्हणजे इथली आमटी. तो मी बघितला, झाकण लावलं आणि वॉचमनला दिला. भूक होती तरी दिला. शेवटी नोकरी लागली, बरी लागली, आता तर माझ्याही हाताखाली माणसं आहेत. पण दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. कुणी साधं काही सांगितलं तरी मी म्हणते, मेल टाक. मागून मला लिहून-द्या-मॅडम म्हणतात हे मला माहीत आहे. म्हणू देत.

यंदा शेंगा बाजारात यायच्या थोडं आधी अक्कांचा फोन आला. नंबर मी पुसला होता, पण आवाज कुठे पुसता येतो. त्यांची अख्खी टीम एका कॉलवर घरी पाठवली होती. थोरलीचं कॉलेज चालू, या वयात कुठे अर्ज करायचे, तुमच्याकडे जागा निघालीय असं कळलं, तू आतून नाव टाकलंस तर होईल. सगळं मराठीत, तसंच स्वल्प आणि सरी पेरलेलं. मी ऐकत होते आणि मला राग यावा म्हणून वाट बघत होते. आला तो राग नव्हता. बारीकशी आशा होती, आणि तिचीच मला जास्त चीड आली.

"टाकते नाव," मी म्हटलं. "त्याआधी एक करा. 'ती ओळ गाळायला मी सांगितलं होतं', एवढं तुमच्या शब्दांत मला लिहून पाठवा."

 त्या म्हणाल्या, आता कशाला ते, कुणाला दाखवणार आहेस. मी म्हटलं, कुणालाच नाही, मला हवंय. बरं, पाठवते, म्हणाल्या.

काल बाजारातून परतले, हात धुतले, आणि तेवढ्यात त्यांचा मेसेज आला. लांबलचक. मुलींचं, नवऱ्याच्या गुडघ्याचं, गच्चीवरच्या त्या रविवारांचं. तुझ्यासारखे भराभरा दाणे कुणी सोलत नाही, घरी सगळे आठवण काढतात, अवरे आलेत, एकदा ये, तू माझ्या मुलीसारखीच. मी दोनदा वाचला. मग हाताला जी सवय आहे ते केलं. शोधायच्या खिडकीत टाईप केलं, सांगितलं. काही आलं नाही. वेगळा शब्द टाकला, सर्टिफिकेट. फोन गप्प. मी उगाच थोडा वेळ बघत बसले, अजून शोधतोय की काय म्हणून.

आज ऑफिसात फॉर्म उघडला. कबूल केलं होतं, तेव्हा नाव टाकलं. शिक्षण, अनुभव, कुठे एकत्र काम केलं, सगळं बरोबर लिहिलं. तळाशी अभिप्रायाची चौकट. लिहायला पुष्कळ होतं आणि सगळं खरं होतं. यांनी मला काम शिकवलं. ताप आला होता तेव्हा पेज आणून दिली. खोलीत एक बोलल्या आणि जिन्यात एक. यातलं एखादंच लिहिलं असतं तर तेही खरंच ठरलं असतं. कर्सर लुकलुकत होता. मी चौकट तशीच ठेवून फॉर्म पाठवून दिला. बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

अक्कांना कळवलं, नाव टाकलंय. लगेच उत्तर आलं, देव तुझं भलं करो. त्याखाली दुसरं, अभिप्रायात काय लिहिलंस गं?

घरच्या माणसाने विचारलं होतं. मी लिहून दिलं, "रिकामं सोडलं."